नाताळात भेटींऐवजी दान: श्रद्धा, की दुसऱ्याच्या खिशातलं पुण्य?

शुभ्रा_द

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आमचं घर ख्रिस्ती. नाताळात भावंडांनी एकमेकांना, एकमेकांच्या मुलांना, मुलांनी आजीआजोबांना भेटी द्यायच्या हे वर्षानुवर्षं चालू आहे. आता भावंडांची लग्नं झाली, पोरं झाली, आणि डिसेंबर म्हणजे नुसती खरेदीची यादी उरली. ज्याला जे नको तेच त्याला मिळतं आणि तो "अरे वा, हेच हवं होतं" म्हणतो. आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी आमचे पाळक प्रवचनात म्हणाले, "जन्मदिवस एकाचा, आणि भेटी आपण आपल्यातच वाटून घेतो." ते डोक्यातून जाईना.

म्हणून घरात प्रस्ताव मांडला. यंदा भेटी बंद. तेवढे पैसे मुलांच्या एका वसतिगृहाला द्यायचे आणि प्रत्येकाच्या हातात एक कार्ड ठेवायचं: 'तुमच्या नावाने दान केलं आहे.' नवरा खूश. सासूबाई गप्प. धाकटी जाऊ स्पष्टच बोलली, "ताई, दान तुमचं झालं, भेट माझी गेली." आणि भाच्याचं म्हणणं, "येशूला खेळणी लागत नाहीत, मला लागतात."

तर प्रश्न असा. नाताळचा खरा अर्थ देण्यात आहे हे सगळेच म्हणतात. पण देणं कोणाचं, कोणाला आणि कशासाठी? श्रद्धेतून केलेलं दान आणि चारचौघांत मिरवायला केलेलं दान यांतली रेघ कुठे ओढायची? श्रद्धा असणारे, नसणारे, सगळ्यांनी लिहा.

उडाणटप्पू

भाच्याला जाहीर पाठिंबा. पक्ष काढत असेल तर मी सभासद व्हायला तयार आहे.

मोगरा२

शुभ्राताई, हेतू चांगला आहे, पण कार्ड नको हो. माझ्या नणंदेने मला असंच कार्ड दिलं होतं. ज्या संस्थेला पैसे गेले तिचं काम मला मुळीच पटत नाही, आणि पावती माझ्या नावाची! आभार मानताना तोंड वाकडं होऊ नये म्हणून केवढी कसरत करावी लागली. दान स्वतःच्या नावाने करा. भेट वेगळी द्या, लहानशी का होईना. दोन्ही एकाच पैशात उरकायला गेलं की धड दानही होत नाही आणि धड भेटही.

नास्तिक_नाना

मोगरा२ +१.

आता माझा नेहमीचा प्रश्न. यात श्रद्धा कशाला हवी? मी देव मानत नाही. रक्तदान करतो, एका शाळेला दरमहा पैसे पाठवतो, मार्चमध्येही पाठवतो आणि जुलैमध्येही. मला कोणाच्या जन्माची आठवण लागत नाही. उलट श्रद्धाळू माणसाच्या दानात कुठेतरी वरच्या खात्यात जमा होण्याची आशा असते. मग ती गुंतवणूक झाली, दान कसलं? (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

हिशोबनीस

गुंतवणुकीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९९३ साली नाताळच्या भेटींवर निबंध लिहिला होता. त्याने विद्यार्थ्यांना विचारलं, की मिळालेल्या वस्तूसाठी तुम्ही स्वतः किती पैसे मोजले असते? आकडे वस्तूच्या किमतीपेक्षा कमी आले. त्याचा अंदाज असा, की भेटींच्या किमतीतला एक दशांश ते एक तृतीयांश भाग हवेत विरतो. मित्र आणि जोडीदार यांच्या भेटी त्यातल्या त्यात बऱ्या, लांबच्या नातेवाइकांच्या सगळ्यात आतबट्ट्याच्या. कारण उघड आहे. आतेभावाच्या बायकोला काय आवडतं हे कोणाला माहीत असतं?

निष्कर्ष: रोख रक्कम द्या. वसतिगृहालाही, भाच्यालाही.

गव्हाणी

हिशोबनीस, त्या पाहणीत भावनिक मोल सोडून किंमत सांगा अशी सूचनाच दिलेली होती ना? तेच वगळल्यावर मोजायला उरलं काय?

तुमच्या हिशोबाने बाळ येशूला भेटी घेऊन पूर्वेकडून आलेल्या त्या ज्ञानी लोकांचंही चुकलंच म्हणायचं. सोनं एक वेळ ठीक. पण ऊद आणि गंधरस? गंधरस तर प्रेताला लावायचा. योहानाच्या शुभवर्तमानात (बायबलातल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक) निकदेम नावाचा माणूस येशूच्या दफनासाठी तोच घेऊन येतो. तान्ह्या बाळाला कोणी असली भेट देतं का?

उडाणटप्पू

लांबचे नातेवाईक असणार.

गव्हाणी

उडाणटप्पू, हसले. :)

पण शुभ्राताईंनी विचारलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी आमच्या चर्चमध्ये लहान मुलांना धर्मशिक्षण देते. दर वर्षी नाटकात तीन राजे असतातच. खरं तर ही गोष्ट आपल्या शुभवर्तमानात सांगणाऱ्या मत्तयाने ते तीन होते असंही लिहिलेलं नाही आणि राजे होते असंही नाही. भेटी तीन, म्हणून माणसं तीन. त्यातही ते येतात तेव्हा गोठ्यात नव्हे, घरात येतात. पण मुलांना मुकुट घालायचे असतात, मी अडवत नाही.

मला सगळ्यात जवळचा वाटणारा प्रसंग नाटकात कधीच नसतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात मरिया आणि योसेफ बाळाला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात जातात. बाळंतपणानंतरच्या शुद्धीसाठी कोकरू अर्पण करायचं, आणि ऐपत नसेल तर होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिल्लं, असा लेवीय पुस्तकातला नियम होता. लूक फक्त पाखरांचा उल्लेख करतो. म्हणजे या घराला कोकरू परवडत नव्हतं! त्याआधी उतारशाळेत जागा नाही म्हणून बाळ गव्हाणीत ठेवलेलं. मत्तय सांगतो त्याप्रमाणे पुढे हेरोद राजाच्या भीतीने रातोरात मिसरात (इजिप्तमध्ये) पळ. जग ज्याने निर्माण केलं असं आम्ही मानतो तो आला तो मागणाऱ्याच्या बाजूला आला. जागा दुसऱ्याची, गव्हाण गुरांची, सोनं परक्यांचं.

आपण 'देणं देणं' करत राहतो, कारण देताना हात वर असतो. माझ्या दृष्टीने नाताळचा अवघड भाग घेण्याचा आहे. आमची श्रद्धाच मुळी 'मला फुकट मिळालं' इथून सुरू होते. ते एकदा आत उतरलं की दुसऱ्याला देताना 'बघ, मी देतेय' असा ताठा कमी होतो. होतोच असं नाही. पण व्हायला हवा.

शुभ्रा_द

गव्हाणी, मंदिराचा तो प्रसंग किती वेळा वाचलाय, पाखरं नजरेतून सुटलीच होती. आभार.

नाना, वरच्या खात्याबद्दल. निदान आमच्या शिकवणीत तरी ते खातं नाही. बायबलातल्या एका पत्रात प्रेषित पौल इफिसकरांना लिहितो, की तारण (उद्धार) कृपेने मिळतं, कर्माने नाही, म्हणजे कोणी फुशारकी मारायला नको. आता दुसरी बाजू. बायबलातल्याच दुसऱ्या एका पत्रात याकोब विचारतो, की उघड्या आणि उपाशी भावाला "सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा" एवढंच म्हणून वाटेला लावलं तर काय उपयोग? असा विश्वास मेलेला. मी या दोघांच्या मध्ये कुठेतरी उभी असते. देऊन मला काही मिळवायचं नाहीये, पण न देता मी विश्वास ठेवते म्हणायलाही जीभ रेटत नाही.

जुना_वाचक

प्रॉटेस्टंट पंथाचा पाया घालणाऱ्या मार्टिन लूथरला याकोबाचं हे पत्र फारसं मानवत नसे. १५२२च्या आपल्या नव्या कराराच्या जर्मन भाषांतराच्या प्रस्तावनेत त्याने त्याला गवताचं, म्हणजे बिनवजनाचं, पत्र म्हटलं होतं. तेव्हा शुभ्राताई, तुम्ही जिथे उभ्या आहात तिथे बऱ्याच जुन्या लोकांची गर्दी आहे.

'खरा नाताळ' हा शब्द आला की मला जरा खाज सुटते, म्हणून थोडा इतिहास. बायबलात जन्माची तारीख नाही. इ. स. ३५४च्या रोमन पंचांगात २५ डिसेंबरची नोंद सापडते आणि ती ३३६च्या सुमाराची मानतात. हा दिवस सूर्यदेवाच्या उत्सवावरून उचलला असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. पण २५ मार्चला गर्भधारणा धरून नऊ महिने मोजले असाही एक मतप्रवाह अभ्यासकांत आहे आणि वाद मिटलेला नाही. रशियन आणि सर्बियन ऑर्थोडॉक्स मंडळी जुन्या ज्युलियन पंचांगाने ७ जानेवारीला नाताळ करतात, आर्मेनियन चर्च ६ जानेवारीला. ऑर्थोडॉक्स परंपरेत नाताळआधी चाळीस दिवस उपास असतो. आपल्या डोळ्यांसमोरचा डिसेंबर आणि तो डिसेंबर, काही संबंध आहे का?

आणि नाताळ बिघडला ही तक्रार तर फार जुनी. प्युरिटन या कडव्या इंग्रज प्रॉटेस्टंट लोकांना या सणात दंगा, दारू आणि अधार्मिकपणा दिसायचा. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ साली तो बंद केला. मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. सणाचा खरा अर्थ शोधणाऱ्यांनीच सण बंद पाडला!

१२२३ साली ग्रेच्चो या इटालियन गावात संत फ्रान्सिसने खरा बैल, खरं गाढव आणि गवताने भरलेली गव्हाण उभी करून नाताळची उपासना घडवली. त्यात भेटी नव्हत्या. बैल आणि गाढवही लूकच्या कथेत नाहीत, ते आले जुन्या करारातल्या यशयाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातून. तरी आज त्यांच्याशिवाय देखावा पुरा होत नाही. म्हणजे नंतर आलेलं सगळंच खोटं, असंही नाही.

आता भेटींचा पूर्वज. मायराचा बिशप निकोलस, चौथं शतक. मायरा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं देम्रे. आख्यायिका अशी, की एका कंगाल बापाला तीन मुलींची लग्नं करता येईनात, मुली विकायची वेळ आली. निकोलसने रात्री गुपचूप खिडकीतून सोन्याची थैली टाकली. एकदा, पुन्हा, आणि तिसऱ्यांदा बाप दबा धरून बसला होता, त्याने त्याला पकडलं. तेव्हा निकोलसने काय मागितलं? हे कोणाला सांगू नकोस, एवढंच. शुभ्राताईंच्या कार्डाचा निकाल मला वाटतं तिथेच लागलाय.

उडाणटप्पू

कोणाला सांगू नकोस म्हणाला, आणि सतराशे वर्षं सगळं जग सांगतंय. प्रसिद्धीचं याहून चांगलं तंत्र नाही.

नास्तिक_नाना

लूथर, प्युरिटन, तुर्कस्तान... धागा भरकटून त्याचं काश्मीर व्हायला आता फार वेळ नाही.

संपादक मंडळ

चर्चा विषयाला धरून ठेवावी ही विनंती. तुर्कस्तानासाठी वेगळा धागा काढता येईल.

काठावरचा

बरीच वर्षं इथे नुसता वाचक आहे. पण वसतिगृहाचा विषय आहे आणि मी तशाच एका वसतिगृहात वाढलोय, म्हणून लिहितो.

डिसेंबरात आमच्याकडे पाहुण्यांची रांग लागायची. आम्ही सकाळी आंघोळ करून, भांग पाडून ओळीत बसायचो. गाणं म्हणायचं, भेट घ्यायची, फोटो, पुढचे पाहुणे. तेच गाणं पुन्हा. खोटं कशाला बोलू, आनंद व्हायचा. रंगपेटी नवी असली की दोन दिवस झोप यायची नाही. त्या लोकांना नावं ठेवायची माझी इच्छा नाही, ते आले नसते तर रंगपेटीही नसती. पण सगळं एकदम यायचं. जानेवारीत गेटकडे बघायची सवय सुटायला वेळ लागायचा.

एक गोष्ट मात्र आत बसलीय. आम्ही मुलांनी कागदाच्या चांदण्या केल्या होत्या, पाहुण्यांना द्यायला. मी माझी एका काकूंना दिली. त्या प्रेमानेच म्हणाल्या, "नको बाळा, तुम्हालाच राहू दे." काकू भल्या होत्या. पण आमच्याकडून घ्यायचं नसतं हे मला तेव्हा कळलं. गव्हाणी यांनी घेण्याबद्दल लिहिलंय ते वाचून हे आठवलं.

आणि एक गृहस्थ होते, निवृत्त. शाळा चालू असताना दर रविवारी येऊन गणित शिकवायचे. खाऊ नाही, खेळणी नाही, ओरडायचे मात्र भरपूर. डिसेंबरच्या शेवटी ते येत नसत. "गर्दी असते," म्हणायचे. मी दहावीत गणितात पास झालो तो त्यांच्यामुळे. ते देव मानत होते की नाही, मी कधी विचारलं नाही.

मोगरा२

काठावरचा, लिहीत राहा. बाकी काही सुचत नाहीये.

अनामिका_ज

मी एका संस्थेच्या कोठाराचं काम बघते. काठावरचा यांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन, पण दुसऱ्या बाजूने.

डिसेंबरात कोठारात पाय ठेवायला जागा नसते. ब्लँकेटं, खेळणी, वह्या. त्यातल्या काही वस्तू पुढे वर्षभर ठेवायच्या तर जागा, कुलूप, वाळवी सगळं आलं. जे कमी पडतं ते कोणालाच द्यायचं नसतं: विजेचं बिल, स्वयंपाकिणीचा पगार, नळदुरुस्ती, चष्म्यांचे बदललेले नंबर. विजेच्या बिलावर दात्याच्या नावाची पाटी लावता येत नाही ना! 'आमचे पैसे फक्त मुलांवरच खर्च करा' असं सांगणाऱ्यांना मला विचारावंसं वाटतं, दिवे काय आम्ही स्वतःसाठी लावतो?

शुभ्राताई, पैसे देणार असाल तर अट न घालता द्या. आणि जमलं तर एकदम देण्यापेक्षा वर्षभर विभागून.

हिशोबनीस

अट नसलेली रोख रक्कम. मी दुसरं काय म्हणत होतो? कोणीतरी नोंद करा.

जुना_वाचक

संपादकांची क्षमा मागून, हे अवांतर नाही.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, पाश्चात्त्य चर्चमध्ये संत स्तेफनाचा सण असतो. हा स्तेफन कोण? बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय काढा. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत तक्रार उठली, की रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय. तेव्हा प्रेषितांनी वाटपाची व्यवस्था बघायला सात माणसं नेमली. त्यात पहिलं नाव स्तेफनाचं. पुढे तो हुतात्मा झाला, म्हणून सण. पण त्याची नेमणूक कोठारावर झाली होती, अनामिका_ज यांच्यासारखी. वाटप न्याय्य होतं का, कोण सुटलं, कोणाला दोनदा मिळालं, हे बघायला.

इंग्लंडात २६ तारखेला बॉक्सिंग डे म्हणतात. चर्चमधल्या दानपेट्या त्या दिवशी उघडून गरिबांना वाटत म्हणून, असं एक स्पष्टीकरण देतात. नोकरांना, कारागिरांना पेटीतून बक्षिसी देत म्हणून, असं दुसरं.

आणखी एक, मग थांबतो. पहिलं छापील नाताळ कार्ड १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल या गृहस्थाने चित्रकाराकडून करवून घेतलं. मधल्या मोठ्या चित्रात एक कुटुंब हातात पेले घेऊन बसलंय. दोन्ही कडांना लहान चित्रं: एकीकडे भुकेल्यांना अन्न, दुसरीकडे उघड्यांना वस्त्र. मधे आपण आणि समासात गरीब. ओरड कशावर झाली? तर चित्रातलं लहान मूल वाइन पितंय यावर.

नास्तिक_नाना

"समासात गरीब" हे आवडलं. जुना_वाचक, तुमचे आधीचे सगळे गुन्हे माफ.

गव्हाणी, एक प्रामाणिक प्रश्न, टोमणा नाही. काठावरचा यांच्या गणिताच्या गुरुजींना श्रद्धा असो वा नसो, काम तेच झालं. मग श्रद्धेने नेमकी भर काय पडते?

गव्हाणी

नाना, गुरुजींबद्दल तुमचं म्हणणं मान्य. चांगुलपणावर आमचा मक्ता नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात भुकेल्याला खायला घालणाऱ्यांना तर पत्ताच नसतो, की आपण ते कोणासाठी केलं. "प्रभू, आम्ही तुला कधी भुकेला पाहिलं?" असं तेच विचारतात. तुमच्यासारखे लोक त्या रांगेत पुढे उभे दिसले तर मला नवल वाटणार नाही. (तुम्हाला वाटेल.)

भर काय पडते ते माझ्यापुरतं सांगते. वसतिगृहाला द्यायला मला श्रद्धा लागत नाही. मुलं गोड असतात, देऊन बरं वाटतं. माझा सख्खा भाऊ आणि मी वडिलांच्या घरावरून बोलत नव्हतो. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे, की वेदीपाशी अर्पण घेऊन गेल्यावर भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. भावाच्या मनात काही असेल तर, असं लिहिलंय. चूक कोणाची ते विचारलेलंच नाही! मला हे वाक्य अजिबात आवडत नाही. पण तेच दर रविवारी समोर येतं. या आगमनकाळात मी त्याला पत्र लिहिलं, घराचा विषय न काढता. माझ्या स्वभावाने मी ते सात जन्मात केलं नसतं.

उत्तर अजून आलेलं नाही.

नास्तिक_नाना

मी वकिलाला पत्र लिहिलं असतं. खरंच सांगतो. मुद्दा पोचला.

हिशोबनीस

गव्हाणी, घराची वाटणी राहिलीच असेल तर कागदपत्रं मात्र वेळेत करा. पत्राचा आणि त्याचा संबंध नाही.

मोगरा२

हिशोबनीस, तुम्ही ना! (बरोबर आहे पण.)

शुभ्राताई, तुमच्या पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य सगळ्यांनी ओलांडलं. सासूबाई गप्प आहेत. त्यांना विचारलंत का? माझ्या आईकडे स्वतःचे म्हणावेत असे पैसे कधी नव्हते. वर्षभर साठवून, हाताने काहीतरी करून ती नातवंडांना द्यायची, आणि तेवढा एक दिवस ती घरातली देणारी असायची. तुम्ही भेटी बंद केल्यात तर कमावत्या माणसांचं काय जातं? दान करायला तुमच्याकडे पैसे आहेतच. त्यांच्याकडे द्यायला काय उरतं?

शुभ्रा_द

मोगरा२, तुमचं वाचून काल रात्रीच त्यांच्याशी बोलायला बसले. आधी "तुम्ही ठरवाल ते" झालं. मग कपाट उघडलं. सगळ्या पोरांसाठी स्वेटर विणून तयार आहेत, पावसाळ्यापासून विणतायत. एकाची बाही तेवढी राहिलीय. ते द्यायचे की नाहीत, म्हणून गप्प होत्या. विधवेने मंदिराच्या दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्या (अगदी क्षुल्लक नाणी) आम्ही लहानपणापासून ऐकतो, तिने ऐपतीपेक्षा जास्त टाकलं म्हणून. आमच्या घरातल्या टोल्या कपाटात होत्या.

जुना_वाचक

त्या टोल्यांच्या गोष्टीच्या दोनच ओळी आधी येशू शास्त्र्यांना (यहुदी धर्मपंडितांना) झोडपतो, की हे विधवांची घरं गिळतात. त्यामुळे ती गोष्ट विधवेच्या कौतुकाची, की तिच्याकडून शेवटची दमडी काढणाऱ्या व्यवस्थेवरच्या रागाची, यावर अभ्यासकांत दोन मतं आहेत. देणाऱ्याचं कौतुक करताना कोण घेतंय तेही बघावं. आपल्या धाग्यात हे अनामिका_ज यांनी आधीच सांगितलंय, फक्त कमी शब्दांत.

शुभ्रा_द

तर घरात ठरलं ते सांगते. परिपूर्ण नाही.

कार्डं रद्द. सासूबाईंचे स्वेटर द्यायचे, मुलांना प्रत्येकी एक भेट. मोठ्यांनी आपसांत काही द्यायचं नाही. जाऊ अजून कुरकुरते आहे आणि तिचा हक्क आहे. वसतिगृहाला जे द्यायचं ते आम्ही दोघं आमच्या पैशांतून देणार, जानेवारीपासून दरमहा, अट न घालता. कोणाच्या नावावर नाही. इथे सांगितलं हे निकोलसच्या नियमात बसत नाही, पण इथे मला कोण ओळखतं?

काठावरचा, तुम्हाला विचारायचंय. पहिल्यांदा गेल्यावर काय करावं आणि काय करू नये?

काठावरचा

विश्वस्तांना भेटाल ते ठीक, पण स्वयंपाकीण आणि वॉर्डन यांना विचारा, की गेल्या महिन्यात काय संपलं होतं. खरी यादी तिथे मिळते. चष्मे, परीक्षेची फी, मोठ्या मुलींसाठी पॅड, वसतिगृह सोडून बाहेर पडणाऱ्या मुलांची पहिली काही महिन्यांची खोली. अठरा पूर्ण झाल्यावर काय, हा प्रश्न भेट देणाऱ्यांपैकी फार कमी लोक विचारतात. आमच्या वेळी अनेकांची गाडी तिथेच अडली.

मुलांना गाणं म्हणायला सांगू नका. म्हटलंच तर ऐका. फोटो काढण्याआधी मुलांना विचारा, नुसतं संस्थेला नाही. पुढच्या वेळी येणार नसाल तर "पुन्हा येते" म्हणू नका. आम्ही तारीख लक्षात ठेवायचो. आणि एखाद्याने काही दिलं तर घ्या. पाकिटात ठेवा. घरी नेऊन फेकलंत तरी चालेल, पण समोर घ्या.

अनामिका_ज

ही यादी छापून आमच्या फाटकावर लावावी म्हणते. काठावरचा, परवानगी आहे ना?

काठावरचा

आहे. खाली नाव नको.

उडाणटप्पू

सेंट निकोलस सापडले, तिसऱ्याच रात्री.

नास्तिक_नाना

अवांतर प्रश्न. रविवारी गणित शिकवायला नास्तिक माणूस चालतो का?

काठावरचा

चालतो. अपूर्णांक येतात का, एवढंच विचारतील.

हिशोबनीस

अपूर्णांक मला नानांपेक्षा चांगले येतात. मला कोणी विचारलं नाही.

मोगरा२

तुम्ही जाच. फक्त पहिल्या तासाला त्यांना रंगपेटीची खरी किंमत काढायला लावू नका.